नऊ रिकामे डबे

शनिवारी दुपारी पावणेतीनला लाईट जाते, एसीची घरघर थांबते आणि शुद्धोधन टेबलावर डोकं टेकवतो. झोपायला नाही हं. नुसतं लाईट येईपर्यंत. गाल रजिस्टरच्या पुठ्ठ्यावर, एक हात खाली लोंबतोय, आणि टेबलाखाली उजवा गुडघा हलतोय, शिलाई मशीनवर बसल्यासारखा. गेले चार दिवस हा गुडघा असाच चाललाय. जेवताना, बसमध्ये, आंघोळीच्या बादलीपुढं बसल्यावरसुद्धा.

चार वाजता त्या बाई येणार आहेत. सोबत आईला आणणार आहेत.

जागा कुठली ते आधी सांगतो. नागपूर. विद्यापीठाच्या जुन्या लायब्ररीचं तळघर, तीन खोल्या, दारावर पाटी: दलित चित्रपट संग्रह. आत हजार-बाराशे रिळं. वस्त्यांमध्ये काढलेली, मोर्च्यांची, सभांची, जलशांची, कुणीतरी हौसेनं सुरू करून अर्धे सोडलेले सिनेमे. प्रमुख डॉ. मेश्राम मॅडम, पण त्या वर दुसऱ्या मजल्यावर शिकवतात, मीटिंगा करतात. खालचं रोजचं सगळं शुद्धोधन बघतो. साडेदहाला कुलूप उघडतो. थंड खोलीचं तापमान लिहितो. हवेतलं पाणी ओढणारं एक यंत्र आहे, त्याची बादली ओततो. रोज एका रॅकचे डबे उघडून हुंगतो, कारण फिल्म सडायला लागली की आधी आंबूस वास मारते, आणि एक सडली की शेजारचीला लागण होते. मग चिठ्ठ्या येतात. कुणाला आजोबांचा मोर्चा बघायचाय, कुणाला प्रबंध लिहायचाय. रीळ काढा, चढवा, दाखवा, गुंडाळा, परत जागेवर.

हे त्याला कुठल्या कॉलेजनं शिकवलं नाही. बी.ए. आहे तीही अर्धी. आधी तो मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात होता. मॅडमनी अमेरिकेतल्या एका विद्यापीठातून एक पुस्तिका आणली होती. तिकडं काळ्या लोकांच्या सिनेमाचा असाच संग्रह आहे, त्यांच्या रोजच्या कामाची पुस्तिका. तिची झेरॉक्स त्यानं डिक्शनरी मांडीवर घेऊन सात महिने वाचली. आणि त्यात जे नव्हतं ते गजभिये मामांनी शिकवलं.

गजभिये मामा दिवाळीनंतर गेले.

उकंडराव गजभिये. सोळा एमएमचा कॅमेरा गळ्यात अडकवून विदर्भभर हिंडलेला माणूस. मरायच्या दोन वर्षं आधी त्यांनी आपले डबे सायकलरिक्षात घालून इथं आणून दिले. बावन्न भरलेले आणि नऊ रिकामे. रिकाम्यांवरही भरलेल्यांसारखंच लिहिलेलं, नाव, गाव, तारीख, ठसठशीत अक्षरात.

"मामा, हे रिकामे कशाला?" त्यानं विचारलं होतं.

"असू दे," म्हणाले.

बस. एवढंच. शुद्धोधनला तेव्हा तापमान लिहायची घाई होती, त्यानं पुढं विचारलं नाही.

मग या मार्चमध्ये काय झालं, की नवीन डब्यांची फाईल वर अडकली, आणि खाली गंजलेल्या डब्यांत नऊ रिळं सडायला लागली. बरोबर नऊ. शुद्धोधननं थिनर घेतला, कापूस घेतला, मामांची नऊ झाकणं चकाचक पुसली, त्या डब्यांत ती नऊ रिळं घातली, वर नव्या चिठ्ठ्या चिकटवल्या. रजिस्टरात लिहिलं, "रिकामे डबे ९, वापरात घेतले." पुसण्याआधी त्यावर काय लिहिलंय ते उतरवून घ्यावं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. रिकाम्याचं काय उतरवायचं? मॅडमनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर पाठ थोपटली. त्या दिवशी तो घरी शिट्टी वाजवत गेला होता.

आणि मंगळवारी करुणा बागडे आल्या. शाळेत शिक्षिका. चिठ्ठी भरली: सोनपिंपरी, १९७९, आईवडिलांची वरात, कॅमेरा गजभिये. म्हणाल्या, "आमच्या लोकांची गावाच्या मधून गेलेली ती पहिली वरात. बाबा गेले. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन ठरलंय, पण तिला भीती वाटते त्यात डोळेच जातील. दिसतंय तोवर एकदा बघू द्या तिला."

सोनपिंपरी. हे नाव त्याच्या कापसाखाली गेलं होतं. त्याला पक्कं आठवत होतं, कारण शेवटची वेलांटी निघता निघत नव्हती.

"शोधतो," तो म्हणाला. "शनिवारी या, चारला."

शोधायला काय होतं? काहीच नाही. आज काय सांगायचं तेही ठरलंय. नोंद नाही. दोन शब्द. रजिस्टर त्याच्या ताब्यात, मामा गेलेले, झाकणं पुसलेली. कोण विचारणार आहे? पुठ्ठा गालाला चिकटतो. घाम कानामागून उतरतो. नोंद नाही, नोंद नाही, गुडघा म्हणतो, नोंद नाही, आणि मग गुडघाच थांबतो.

टक्.

थंड खोलीत कुणीतरी झाकणावर बोटाचं हाड वाजवतंय.

टक्. टक्. बायका माठ घेताना वाजवतात तसं. शुद्धोधन आत जातो. आत अंधार नाही, उजेडही नाही, दुधात पाणी घातल्यासारखं काहीतरी आहे. रॅकच्या टोकाला मामा उभे आहेत. बाह्या दुमडलेल्या, खिशाला पेन, पायात एकच चप्पल.

"भरला," मामा म्हणतात. टक्. "भरला. हाही भरला."

"मामा, तुम्ही तर गेले होते."

"मंग? तू चहा प्याले बाहेर जातं, तं वापस येत नाई का?" ते मान वळवत नाहीत. "तापमान किती हाय, तापमान?"

मामा त्याला तापमानच म्हणायचे. ओ तापमान, इकडं ये. तापमान जेवलं का. शुद्धोधन भिंतीवरच्या काट्याकडं बघतो.

"एकोणऐंशी."

"लय झालं," मामा म्हणतात. "वितळन ना बे सारं."

टक्. पुढचा डबा. मामा थांबतात. परत वाजवतात. कान लावतात.

"हा तं माहा रिकामा होता. यात कोन शिरलं?"

शुद्धोधन हात पाठीमागं नेतो. हातांना थिनरचा वास येतोय, त्याच्या त्यालाच येतोय.

"दुसऱ्याचं रीळ आहे मामा. सडत होतं."

"अन् वरचं नाव?"

शुद्धोधन एक पाऊल मागं सरकतो.

"हात दाखव."

"मामा, नवीन डबे येत नव्हते, मी चार वेळा वर लिहून..."

"हात दाखव म्हनलं."

तो हात पुढं करतो. दोन्ही तळव्यांवर शाई आहे, निळी, गावांची नावं, एकावर एक, वाचता येत नाहीत. मामा खूप वेळ बघतात. शुद्धोधनला वाटतं आता शिवी येणार. मामांच्या शिव्या सगळ्या विद्यापीठात प्रसिद्ध होत्या, कुलसचिवांनाही एकदा मिळाली होती.

"पुसलं तं पुसलं, उतरवून नाई घेतलं?" मामा हळू म्हणतात. "एवढं इंग्रजी पुस्तक वाचलं तुनं. रिकाम्याचं काय कराचं ते नव्हतं त्याच्यात?"

शिवी परवडली असती.

ते स्टोव्ह पेटवतात. रॅकच्या मधे स्टोव्ह आहे, त्यावर कळकट पातेलं, आणि ही थंड खोली मामांची खोली आहे, भिंतीला निळा चुना, खिळ्याला पिशवी, खाटेखाली डबेच डबे. फिल्म असलेल्या खोलीत आगकाडी ओढायची नसते, शुद्धोधनला ओरडायचंय, पण तोंडातून निघतं, "साखर कमी टाका."

"तुले सांगतो," मामा पातेल्यात बघत म्हणतात. "कोनाले सांगितलं नाई. फिल्म मिळे कुठी? एक रीळ तीन मिनिटं चाले. मुंबईहून आनाव लागे, तेही कधी दोन-दोन महिने नाई. अन् लोकं येत. गजभियेभाऊ, परवा वरात हाय. औंदा गावाच्या मधातून काढतो. तू ये. कॅमेरा घेऊन ये."

"मग?"

"मंग काय. जाओ मी."

"रीळ नसताना?"

"अबे, रीळ कोन मागत होतं? कॅमेरा ये म्हनत होते." मामा चहा गाळतात. गाळणी नाही, बोटांतूनच गाळतात, भाजत नाही त्यांना. "मानूस गोटा उचलते ते कोन पाह्यत नाई म्हनून. कॅमेरा पाह्यते. तोंड दिसते ना मंग. फोटो कोर्टात जाते म्हनत लोकं. गेला कधी? एकही नाई. पन म्हनत."

शुद्धोधनच्या हातात कप आहे. कपात चहा नाही, झाकण आहे, पुसलेलं, त्यात त्याचं तोंड दिसतंय.

"नऊच्या नऊ?"

"नऊ वराती. नऊ वेळा रिकामा कॅमेरा. घरी येऊन मी डबा लिवो. नाव, गाव, तारीख. म्हनो, फिल्म नसन, वरात तं झाली ना? कुठीतरी असू दे."

"आणि त्या लोकांना? त्यांना नाही सांगितलं?"

मामा स्टोव्हला हवा मारत राहतात. स्टोव्ह केव्हाच विझलाय.

"कवतिका भेटे बाजारात," ते म्हणतात. "सोनपिंपरीवाली. तिची वरात होती थे. दर साली भेटे. म्हने, गजभियेदादा, आमचं रीळ जपून ठेवलं ना? मी म्हनो, हो बाई, डब्यात हाय."

"खोटं बोलले."

"डबा खरा होता बे!" मामा एकदम ओरडतात, आणि लगेच ओशाळतात. "सांगतो म्हनो. या बाजारी सांगतो, पुढच्या बाजारी सांगतो. तिच्या हातात भाजीची पिशवी राहे. भाजी घेऊन उभ्या बाईले कसं सांगाव?"

खोलीला दार नाही. आत्ताच होतं. मामा त्याच्या जवळ येतात, इतके जवळ की त्यांच्या शर्टाचा तो वास येतो, बिडी आणि फिल्म जोडायच्या सिमेंटचा.

"तू सांगजो नको."

"काय?"

"चारले येऊन राहिली ना ते? नोंद नाई म्हन. तेच म्हननार होता ना तू? म्हन. तुहं पुसलेलं झाकलं जाते, माहं रिकामं झाकलं जाते. दोघंही सुटलो."

आता शुद्धोधनला हलकं वाटायला पाहिजे. ज्याचं पुसलं तोच म्हणतोय सोडून दे. पण वाटत नाही. त्याला वाटतं मामांनी शिव्या द्याव्यात. त्याला वाटतं कुणीतरी तापमान लिहावं.

"मामा, ती आजी मरेपर्यंत वाट बघेल. म्हणेल दुसरीकडं कुठं असेल. पुण्याच्या फिल्म संग्रहालयात विचारा म्हणेल."

"पाहू दे वाट. वाट पाह्यल्यानं मानूस जगते."

"आणि करुणा मॅडम दर महिन्याला चिठ्ठी भरतील. आणि मी दर महिन्याला..."

"दर बाजारी," मामा म्हणतात.

कुठूनतरी बँड वाजायला लागतो.

रॅकमधली वाट गल्ली आहे. दोन्हीकडं डब्यांच्या ऐवजी घरं, घरांना ओटे, ओट्यांवर माणसं. ऊन डोक्यावर. मागून एक बंडी येतेय, बैलांची शिंगं रंगवलेली, बंडीत नवरा ताठ बसलाय, घामानं सदरा पाठीला चिकटलाय, आणि शेजारी नवरी, मान इतकी खाली की नुसती भांगाची रेघ दिसतेय. मागं वस्तीतले लोक, सगळे, म्हातारेसुद्धा, कुणी बोलत नाही. बँडवाले तीनच आहेत आणि त्यांतला एक चुकीचं वाजवतोय.

ओट्यांवरच्या माणसांच्या हातांत गोटे आहेत.

"घे," मामा म्हणतात आणि कॅमेरा त्याच्या गळ्यात अडकवतात. जड आहे, लोखंडाचा, गरम. "माह्या हाताले कापरं सुटलं. चावी भर अन् समोर चाल."

"मला येत नाही!"

"तुले मोबाईल येत होता का? शिकला ना. भर चावी."

बाजूला चावी आहे, घड्याळाची असते तशी, पण मोठी. तो फिरवतो. घट्ट आहे, अंगठ्यात रुतते. अजून फिरवतो. बटण दाबतो. खर्रर्रर्र. कॅमेरा रिकामाच आहे, हातात घेतल्या घेतल्या कळतं, आत काही सरकत नाही, नुसता आवाज. तो डोळा लावतो आणि ओट्याकडं फिरवतो.

पहिल्या ओट्यावरचा माणूस गोटा खिशात घालतो आणि कॉलरचं बटण लावतो.

खरंच लावतो. दुसरा मिशीवरून हात फिरवतो. तिसऱ्याच्या हातात दोन गोटे, त्याला कुठं ठेवावे कळत नाही, तो ते बायकोकडं देतो, बायको पदराखाली घेते आणि स्वतःही जरा सरळ उभी राहते. कुणीतरी मागून म्हणतं, "ओ फोटोवाले, इकडंबी करा ना, आमचं काय वाकडं हाय?"

शुद्धोधनला हसू येतं.

मग खर्रर्र मंदावते. थांबते. शांतता. ओट्यांवरचे हात परत खाली जातात, खिशांकडं, पदराकडं.

"भर! भर लवकर!" मामा मागून ओरडतात.

तो चावी फिरवतो. अंगठा सोलतो. खर्रर्र. हात वर. बंडी चार पावलं सरकते. अर्धं मिनिट, तेवढंच चालते चावी, मग परत थांबते, परत सगळ्यांच्या हातांत गोटे, परत भर. गल्ली संपत नाही. देवळासमोरून जाते, विहिरीला वळसा घालते, आणि देवळासमोरून परत जाते. अंगठा बधिर झालाय. तो मोजत नाही. त्याला एवढंच कळतं की चावी संपल्यावर जी शांतता होते ती एकदा जरी लांबली तर संपलं. आणि त्याला हेही कळतं की या सगळ्या गल्लीत, बंडीत, ओट्यांवर, वस्तीत, एकालाही कॅमेरा रिकामा आहे हे माहीत नाही. फक्त ज्याच्या गळ्यात आहे त्यालाच माहीत आहे.

मागं बघतो. मामा भिंतीला पाठ लावून उभे आहेत, तिशीतले, काळे केस, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून. त्यांची नजर त्याच्या हातावर. ते घाबरलेत. आयुष्यात कुणाला घाबरलेले दिसले नाहीत, कुलसचिवांना नाही, आजाराला नाही. इथं घाबरलेत.

"दादा," बंडीतून आवाज येतो.

नवरीनं मान उचललेली नाही.

"दादा, रीळ निघून राहिलं ना?"

शुद्धोधनचं तोंड उघडतं. भिंतीजवळ मामा ओठांवर बोट ठेवतात. नोंद नाही, असं म्हणायचं होतं, पण ते इथलं उत्तर नाही. हो म्हणायचं तर आत रीळ नाही. नाही म्हणायचं तर ओटे ऐकतायत. चावी संपत आलीय, आवाज खाली उतरतोय, तो दात खाऊन अंगठा चावीवर दाबतो, पूर्ण जोर लावतो, आणि म्हणतो, "चालून राहिलं, बाई. चालून राहिलं."

"मंग बरं," नवरी म्हणते.

मामा बोट खाली घेतात. "माह्याच्यानं नाई झालं," ते म्हणतात. त्यांचा आवाज लांबून येतो, विहिरीच्या पलीकडून. "तू पाह्य आता. तुह्या मनानं."

खर्रर्रर्र.

एसी सुरू झालाय. ट्यूबलाईट दोनदा डोळे मिचकावते आणि लागते. शुद्धोधनचा गाल पुठ्ठ्यावरून सुटतो. घड्याळात चारला पाच कमी. तोंड कडू. दार वाजतंय, बहुतेक केव्हापासून वाजतंय.

तो उठायला टेबलावर हात टेकतो आणि कळवळतो.

उजव्या अंगठ्याच्या पेरावर खोल खड्डा आहे, लाल, आडवा, कडेला कातडी सोललेली, मधे बारीक बारीक आडव्या रेघा. तो टेबलावर बघतो, काय रुतलं असेल. रजिस्टर. एक रिकामा ग्लास. दाराची किल्ली, पण ती पातळ आहे, आणि ती तर भिंतीच्या खिळ्याला टांगलेली आहे. संग्रहात कॅमेरा एकही नाही. मामांनी आपला कॅमेरा कधीच मोडीत दिला होता.

"आहात का?" बाहेरून करुणा बागडेंचा आवाज.

तो दार उघडतो. डाव्या हातानं.

करुणाताईंच्या आई, कौतिकाबाई, सत्तरीकडं झुकलेल्या, बारक्या, पांढरं लुगडं, डोळ्यांवर काळा चष्मा. पायऱ्या उतरून दम लागलाय. तो खुर्ची देतो, माठातलं पाणी देतो. करुणाताई उभ्याच राहतात. "सापडलं?" विचारतात.

नोंद नाही, हे दोन शब्द अजून तोंडात आहेत. तिथंच आहेत, तयार.

"डबा होता," शुद्धोधन म्हणतो. "मामांनी दिला तेव्हाच रिकामा होता. त्यावर नाव होतं. नाव मी पुसलं. मार्चमध्ये. डबे कमी होते म्हणून पुसलं, उतरवून घेतलं नाही. मंगळवारीच माहीत होतं मला. तुम्हाला शोधतो म्हणालो ते खोटं होतं."

एका दमात. मग तो श्वास घेतो.

"म्हणजे?" करुणाताईंचा आवाज चढतो. "चार दिवस मी आईला सांगतेय की मिळेल. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख पुढं ढकलली आम्ही. आणि तुम्ही... तुम्हाला इथं कशासाठी ठेवलंय? पुसायला?"

"हो," तो म्हणतो. "म्हणजे, नाही. चुकलं माझं."

"थांब करुणा." कौतिकाबाई ग्लास खाली ठेवतात. "रिकामा म्हंजे? रीळ हरपलं का?"

"आजी, मला वाटतं रीळ नव्हतंच. कॅमेऱ्यातच नव्हतं."

"तुले कोनं सांगतलं?"

तो सांगून टाकतो. "आत्ता डोळा लागला होता माझा. मामा आले होते."

करुणाताई कपाळावर हात मारतात. पण म्हातारी पुढं झुकते, बाजूच्या घरची बातमी विचारावी तसं विचारते, "काय म्हने?"

"सांगू नको म्हणत होते तुम्हाला."

"अन् तू सांगतलं." ती जरा हसते. "तसाच होता थो. बाजारात दिसला का तोंड चुकवे. मले वाटे, याले कोनाचं उधार देनं हाय का काय." मग हसू जातं. एसी घरघरतो. यंत्राच्या बादलीत थेंब पडतो. "पन आवाज तं होऊन राहिला होता. माही मान खाली होती, मी काही पाह्यलं नाई, आवाजच ऐकला सारा रस्ता. त्या आवाजानंच बसली मी बंडीत."

"रिकामाही आवाज करतो, आजी."

"हं." तिचं तोंड हलतं, दात नसलेल्या माणसाचं हलतं तसं. "म्हंजे आम्हाले वाटे आपल्याजवळ कॅमेरा हाय. अन् त्याले माहीत होतं काहीच नाई. सारा रस्ता एकट्याले माहीत होतं." ती चष्मा काढते, पदरानं डोळे पुसते, परत लावते. "मंग तं गजभियेदादा आमच्याहून जास्त भेला असन."

करुणाताई भिंतीकडं बघतात, तापमानाच्या तक्त्याकडं, पण वाचत नाहीत.

शुद्धोधन रजिस्टर उघडतो. 'रिकामे डबे ९, वापरात घेतले' ही ओळ शोधतो, तिच्यावर एक काट मारतो, आणि खाली नवीन पान घेतो. पहिली ओळ. बाकीच्या आठ गावांचं काय करायचं ते त्याला माहीत नाही. गावोगाव जावं लागेल बहुतेक. विचारत जावं लागेल, तुमच्याकडं कधी कॅमेरा आला होता का. मॅडमना सोमवारी सांगावं लागेल, तीही एक वेगळीच वरात.

"नाव सांगा, आजी."

"माहं का त्याईचं?"

"दोघांचं."

"मंग माहं आधी लिव," कौतिकाबाई म्हणतात. "विचारलं मी होतं, निघून राहिलं का म्हनून. हे तं घामानं भिजून बसले होते नुसते."

शुद्धोधन मान वर करून तिच्याकडं बघतो. ती काही खास बोलली असं तिला वाटलेलं नाही. ती पाणी पितेय.

तो पेन धरतो. अंगठा टेकवला की ठणका थेट मनगटापर्यंत जातो, म्हणून अंगठा वर ठेवून दोनच बोटांत धरतो, आणि अक्षर पहिलीतल्या पोरासारखं येतं, वाकडं, मोठं. कौतिका. शामराव. सोनपिंपरी, १९७९. फिल्म: नाही. अंगठ्यातून रक्ताचा बारका ठिपका पानावर उतरतो, तो पुसत नाही. लिहितो: कॅमेरा चालला.